चाळिशीचा चष्मा दोन वेळा करून घेतला, त्याचा अनुभव

मी अमळनेरला घरीच शिवणकाम करते. ब्लाउज, परकर, फॉल-पिको, लहान मुलींचे फ्रॉक. २२ वर्षं झाली या कामाला, आणि माझं वय ४८. लिहायचं आहे ते प्रोग्रेसिव्ह चष्म्याबद्दल, म्हणजे ज्याच्या काचेत मधली रेघ दिसत नाही आणि लांबचं, मधलं, जवळचं सगळं एकाच काचेतून दिसतं असं सांगतात, तो. दोन दुकानांतून असे दोन केले, शेवटी तिसरा साधा केला. सगळं मिळून १२ हजारांच्या वर गेले. माझ्यासारख्या हातकाम करणाऱ्या बायांचे एवढे पैसे आणि एवढे महिने जाऊ नयेत, म्हणून सविस्तर सांगते.

पहिल्यांदा कळलं ते रेल्वेत. जळगावला निघाले होते, खिडकीजवळ बसलेली. धरणगावची पिवळी पाटी गाडी थांबायच्या आत मी वाचली, अगदी स्वच्छ. पुढे पाळधीचीही. आणि हातातल्या तिकिटावरचे आकडे मात्र लागेनात. तिकीट लांब धरलं, अजून लांब धरलं, हात संपला. समोर बसलेल्या मुलानं न मागता तिकीट घेतलं, वाचून दाखवलं आणि ‘घ्या मावशी’ म्हणून परत दिलं. तोपर्यंत मला गाडीत सगळे ताई म्हणायचे. त्या दिवशी तिकिटापेक्षा तो मावशी शब्दच घरापर्यंत माझ्याबरोबर आला.

मग एकेक दिसायला लागलं. गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख मुलीला विचारायची. तुरीच्या डाळीतला खडा राहून जायचा आणि वरण-बट्टीच्या घासाला नेमका यांच्या दाताखाली यायचा. मोबाइलची अक्षरं मुलीनं एक दिवस मोठी करून दिली, न विचारता, आणि मला बरं वाटलं याचंच वाईट वाटलं. गुडघे तर आधीच कुरकुरत होते, पायाच्या मशीनला मोटर त्याचमुळे बसवली. पण गुडघ्याचं मी कुणालाही मोकळेपणानं सांगत होते. डोळ्याचं कुणाला सांगितलं नाही. शिवणारीला दिसत नाही असं एकदा गल्लीत झालं की गिऱ्हाईक पुढच्या गल्लीत जातं. तीन वर्षं मी ते झाकलं. सकाळच्या उन्हात दारात बसून १०-१२ सुया ओवून गादीला टोचून ठेवायच्या, म्हणजे दिवसभर कुणासमोर ओवायची वेळ येणार नाही, अशी युक्ती काढली होती. आठवली की अजून पोटात तुटतं. एवढी भीती कशाची बाळगली मी? आईला चाळिशी लागली तेव्हा तिनं एका काडीला दोरा बांधून तो चष्मा चार वर्षं वापरला आणि कुणापासून लपवला नाही. आपल्या भाषेत तर त्या चष्म्याचं नावच वयावरून पडलंय.

झाकलेलं उघडं पडलं ते संक्रांतीला. संक्रांतीच्या आधीचे १५ दिवस आमच्याकडे काळ्या कापडाचे असतात. काळी साडी, काळा ब्लाउज, काळं अस्तर, काळा दोरा, आणि काम संपत नाही म्हणून रात्री ट्यूबखाली बसणं. जवळच्याच खेड्यातल्या एक आजी दर वर्षी सुनेचं आणि नातीचं कापड घेऊन येतात. ब्लाउज न्यायला आल्या, ओट्यावर उन्हात उभ्या राहिल्या, हेम उलटून पाहिली आणि म्हणाल्या, ‘हाऊ दोरा निया शे ना व माय, काया नही.’

मी घेऊन पाहिलं. उन्हात धरल्यावर मलाही दिसलं. पूर्ण हेम गडद निळ्या दोऱ्याची. दोन्ही रिळं डब्यात शेजारी होती आणि रात्री मला दोन्ही काळीच दिसली होती. आजींचं वय सत्तरीच्या पुढे. त्या रागावल्या नाहीत, उलट समजावल्यासारखं बोलल्या, ‘मन्हा डोयानं आपरेशन व्हयनं, आते निया रंग चांगला दखास.’ मोतीबिंदू काढलेल्या आजीला जो रंग दिसला तो मला दिसला नव्हता. त्यांच्यासमोरच बसून मी हेम उसवली आणि परत घातली. पैसे घेतले नाहीत.

त्याच आठवड्यात बाजारातून १२० रुपयांचा तयार चष्मा आणला. त्याबद्दल थोडक्यात: पोथी वाचायला, मोबाइलवर नंबर लावायला चालतो. त्यात दोन्ही डोळ्यांना एकच नंबर असतो, आणि काचेचा मध्य आपल्या बाहुलीसमोर आला तर नशीब. माझे दोन डोळे सारखे नाहीत. तासाभरात कपाळ ठणकायला लागायचं.

मग पहिलं दुकान. नाव लिहीत नाही. मोठं, एसीचं, भिंतभर फ्रेम. एका यंत्रासमोर हनुवटी टेकवून बसवलं, आत एक चित्र दिसलं, चिठ्ठी बाहेर आली. तीच चिठ्ठी म्हणजे माझा नंबर. समोर लांबचा तक्ता वाचून घेतला, जवळचं एक कार्ड हातात दिलं, संपलं. बायफोकल दाखवाल का विचारलं तर म्हणाले, ‘ते आता कोण घेतं मॅडम, रेघ दिसते, वय दिसतं.’ ते वाक्य मला लागलं आणि मी फसले. नाजूक, उंचीला कमी अशी फ्रेम निवडली, ४,२०० रुपये भरले.

त्या चष्म्याबरोबर काढलेले दिवस सांगते. पायरी उतरताना पायरी हलल्यासारखी. गटारीवरून पाऊल टाकताना अंदाज चुकायचा. मान वळवली की दाराची चौकट वाकल्यासारखी दिसायची. हे सगळं सवयीनं जातं असं त्यांनी सांगितलं होतं आणि त्यातलं बरंचसं खरंच दोन आठवड्यांत कमी झालं, ते खोटं नाही. पण मशीनवर बसलं की सुईचं टोक दिसायला मला हनुवटी वर करावी लागायची. नुसती वर नाही, न्हाव्याच्या खुर्चीत बसल्यासारखी. हनुवटी वर, नजर खाली, आणि हाताखाली कापड पळतंय. संध्याकाळी मान आखडायची, डाव्या खांद्यातून कळ जायची. दुकानात तीन वेळा गेले. ‘अजून १५ दिवस द्या’ हे तीन वेळा ऐकलं. चौथ्या वेळी म्हणाले, नंबर बरोबर आहे, काच बदलून मिळणार नाही. नंबर बरोबर होताच. चूक कुठे होती ते मला दुसऱ्या दुकानात कळलं.

दुसरं दुकान जळगावला, नवी पेठेच्या बाजूला, एक जिना चढून. दहा बाय बाराची खोली असेल. एका गिऱ्हाईक बाईनं सांगितलं म्हणून गेले. डोळे तपासणारी मुलगी पंचविशीची. तिनं मला आधी खुर्चीवर बसवलं आणि पहिला प्रश्न विचारला, ‘काकू, तुम्ही दिवसभर काय करता?’ मोठ्या दुकानात हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी शिवणकाम म्हटल्यावर तिनं विचारलं, मशीन किती लांब असते डोळ्यापासून? मला सांगता येईना. मग तिनं टेबलापुढे स्टूल ठेवलं, म्हणाली, मशीन समोर आहे असं समजून बसा, हात ठेवा. मी बसले, पाठ जशी वाकते तशी वाकवली, दोन्ही तळवे कापडावर असतात तसे ठेवले. माझ्याच पर्समधला टेप काढून तिनं मोजलं. डोळ्यापासून सुईपर्यंत २२ इंच. मग पिशवीतून हेमिंगचं कापड काढायला लावलं, हातात धरायला लावलं. १४ इंच. वाचायचं कार्ड साधारण १६ इंचावर धरून तपासतात, म्हणजे माझी दोन्ही कामं त्या कार्डाच्या अल्याड आणि पल्याड होती. २२ वर्षं मी लोकांची मापं घेतली, माझं माप कुणीतरी पहिल्यांदा असं घेतलं.

लाकडी पेटीतल्या काचा एकेक घालून तिनं नंबर पक्का केला. यंत्राची चिठ्ठी ही सुरुवात असते, त्यावर थांबायचं नसतं, असं तिचं म्हणणं. लांबचा नंबर नव्हताच. हातकामाला +१.७५, मशीनला +१.२५. उजव्या डोळ्यात तेवढा थोडा आडवा नंबर, ज्याला सिलिंडर म्हणतात. साखर तपासली का विचारलं, कारण साखर वरखाली होत असेल तर नंबरही सरकतो. आणि चाळिशीनंतर डोळ्याच्या डॉक्टरांकडून डोळ्याचा दाब आणि पडदा एकदा बघून घ्या, काचबिंदू बहुतेकदा दुखत नाही, गुपचूप नजर खातो, असं सांगून तिनं आधी मला डॉक्टरांकडे पाठवलं आणि मग चष्म्याची ऑर्डर घेतली. दाब ठीक निघाला.

मग तिला मी जुना, ४,२०० वाला चष्मा दाखवला. जवळून बघावी अशी गोष्ट इथेच आहे. तिनं तो खिडकीच्या उजेडात तिरका धरला आणि मला काचेवर दोन बारीक खुणा दाखवल्या, नखाच्या ओरखड्याएवढ्या, उजेड नेमका पडला तरच दिसणाऱ्या. प्रत्येक प्रोग्रेसिव्ह काचेवर अशा दोन कोरीव खुणा असतात, एकमेकींपासून बरोबर ३४ मिलिमीटरवर. कानाकडच्या खुणेखाली जवळच्या नंबरातली वाढ कोरलेली असते. माझ्या काचेवर ती बरोबर होती. या खुणांवरून काचेच्या कागदी नकाशावर चष्मा ठेवून तिनं स्केच पेननं काचेवर एक फुली काढली. म्हणाली, ही फुली तुमच्या बाहुलीच्या बरोबर समोर यायला हवी. चष्मा माझ्या नाकावर ठेवला, मोबाइलवर फोटो काढून दाखवला. फुली बाहुलीच्या चार मिलिमीटर खाली होती.

मला पुढचं सांगायची गरजच पडली नाही. ब्लाउजचा टक्स पॉइंट, म्हणजे छातीवरच्या चुण्यांचं टोक, खाली उतरला तर माप बरोबर असूनही ब्लाउज बसत नाही, बाई दिवसभर खांदा ओढत राहते. माझ्या काचेचा टक्स पॉइंट खाली उतरला होता, म्हणून मी हनुवटी ओढत होते. लांबच्या नजरेचा भाग वर, वाचायचा सगळ्यात खाली, आणि मधे नंबर हळूहळू वाढत जाणारी अरुंद पट्टी. फुली खाली गेली की सगळंच खाली सरकतं. त्यात फ्रेम उंचीला कमी, म्हणजे वाचायचा भाग निम्मा कापूनच गेलेला. फ्रेम निवडताना मला कुणी अडवलं नव्हतं.

तिनं नवीन फ्रेम घालायला लावली, आधी काड्या आणि नाकाच्या गाद्या माझ्या चेहऱ्याला बसवून घेतल्या, मग माझ्यासमोर त्याच उंचीवर बसून फ्रेममधल्या नकली काचेवर दोन्ही बाहुल्यांसमोर पेननं ठिपके दिले. दोन्ही डोळ्यांचं नाकापासूनचं अंतर वेगवेगळं मोजलं, माझं उजवं ३०, डावं ३१.५ मिलिमीटर. प्रोग्रेसिव्ह घेत असाल तर एवढं बघाच. फ्रेम बसवण्याच्या आधी ठिपके दिले, किंवा ठिपके दिलेच नाहीत, तर तिथून उठा.

या मुलीकडून आणखी एक कळलं, की हा चष्मा काही कालचा नाही. १९५९ साली फ्रान्समध्ये पहिल्यांदा बाजारात आला. आणि चाळिशी का लागते, तर डोळ्यातलं भिंग लहानपणी मऊ असतं, जवळ बघताना फुगतं. वर्षागणिक ते कडक होत जातं, फुगेनासं होतं. हे सगळ्यांचं होतं, शिवणाऱ्या बाईचंही आणि न शिवणाऱ्या बाईचंही. डोळे जास्त वापरले म्हणून नाही. मी इतकी वर्षं मनात धरून होते की रात्रीच्या कामानं मीच डोळे घालवले. ते ओझं त्या खुर्चीत उतरलं. निळ्या दोऱ्याचंही विचारलं. भिंग वयानं पिवळसर होत जातं, निळा उजेड आत कमी पोचतो, बाहुलीही लहान होते, त्यामुळे कमी उजेडात काळा आणि गडद निळा वेगळा करणं जड जातं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये ते पिवळं भिंगच काढून नवीन बसवतात. आजींना निळा का दिसला, ते तेव्हा उलगडलं.

आता दुसऱ्या चष्म्याबद्दल. ६,८०० रुपये, अँटीग्लेअर कोटिंगसकट. आठ महिने वापरते आहे. बाजारात, लग्नात, स्वयंपाकघरात, दुकानात कापड बघताना, गिऱ्हाइकाचं माप घेऊन वहीत लिहिताना फारच चांगला. सखाराम महाराजांच्या यात्रेत बोरीच्या पात्रात एवढ्या गर्दीतून चालले, कुठे पाऊल अडखळलं नाही. समोरच्या बाईचा चेहरा आणि हातातल्या बांगड्यांचं माप, दोन्ही एका चष्म्यातून दिसलं. मान सरळ राहते. हनुवटीची ओढाताण पूर्ण गेली.

पण मशीनवर हाही पुरा पडत नाही, आणि हे त्या मुलीनं पैसे घ्यायच्या आधी सांगितलं होतं. मधल्या पट्टीची रुंदी कमी असते. सुई दिसते, पण सुईच्या डावीकडे पसरलेलं कापड बाजूच्या धूसर भागात जातं. साडीला फॉल लावायचा तर फॉल संपेपर्यंत डोकं कापडाबरोबर फिरवत न्यावं लागतं. बाजूचा हा धूसरपणा महागड्या काचेत कमी असतो, जात कुठल्याच काचेत नाही. म्हणून तिच्याच सांगण्यावरून मशीनसाठी एकच नंबराचा साधा चष्मा केला, +१.२५, ९५० रुपये. तो घातला की सुई, दाबपट्टी, डावी-उजवीकडचं कापड, सगळं कडेपासून कडेपर्यंत स्वच्छ. दारातला माणूस थोडा पुसट दिसतो, दिसू दे. माझं खरं काम या ९५० रुपयांच्या चष्म्यानं परत दिलं. दिवसभर एका जागी बसून काम असेल, शिलाई, संगणक, चक्की, हिशेबाच्या वह्या, तर आधी तुमच्या कामाच्या अंतराचा साधा चष्मा करा, आणि पैसे उरले तर प्रोग्रेसिव्ह. मी उलट्या क्रमानं गेले.

मशीनला ३५० रुपयांचा पांढऱ्या उजेडाचा छोटा दिवाही लावला, डावीकडून, हाताची सावली सुईवर पडणार नाही असा. तो तर पहिल्याच दिवशी आणायला हवा होता.

जपायचं म्हणाल तर पदरानं पुसायचं नाही. आमच्या कामात कापसाची आणि खडूची भुकटी सतत उडते, पदरानं ती काचेवर घासली जाते. आधी पाण्यानं धुवायचा, मग मऊ फडकं. आणि आपल्याकडचा मे महिना. जळगाव-भुसावळला पारा ४५ ला टेकतो तेव्हा चष्मा गाडीत समोर किंवा पत्र्याच्या खोलीत खिडकीत ठेवायचा नाही, उष्णतेनं कोटिंगला जाळी पडते. माझ्या भावाच्या चष्म्याची तशीच गत झाली. तक्रार म्हणाल तर दुसऱ्या दुकानाची एकच. काच बाहेरून बनून येते, मला ११ दिवस थांबावं लागलं, आणि चार दिवस म्हणून सांगितलं होतं. जिना उंच आहे, गुडघेवाल्यांनी सकाळी जावं.

चष्मा लावून मशीनवर बसलेली पहिल्या दिवशी मला गल्लीतल्या सगळ्यांनी पाहिलं. मी दार लोटून घेतलं नाही. आखाजीला माहेरी आलेल्या मुलींचे ब्लाउज होते, १९. एकही गिऱ्हाईक गेलं नाही. उलट दोघी-तिघी शेजारच्या बाया, माझ्याच वयाच्या, एकेक करून आल्या आणि हळूच विचारलं, कुठून केला, किती पडले, डोकं दुखतं का. एकीनं तर माझाच लावून बघितला आणि माझ्या डब्यातली सुई उचलून ओवली. दोरा पहिल्या खेपेला गेला. ती सुई हातात धरून बसूनच राहिली.

या संक्रांतीचं काळं कापड आजी आणून देऊन गेल्यात. या वेळी दोन्ही रिळं मी वेगवेगळ्या डब्यांत ठेवली आहेत, आणि हेमला बसायच्या आधी दोरा ओट्यावर उन्हात नेऊन बघते. आजी ब्लाउज न्यायला येतील तेव्हा हेम उलटून बघणारच आहेत.